तीन घरांत वारलेला अण्णा

आमचा गुरुदत्तअण्णा, म्हणजे माझा चुलतभाऊ, एकाच वेळी तीन घरांत वारलेला होता. तिन्ही घरं कन्नड मालिकांमधली. अहल्यावहिनी दिवेलागणीला टीव्ही लावायची आणि नवऱ्याच्या फोटोला घातलेला हार बघून चॅनल बदलायची, तर तिथंही तोच फोटो, फक्त हार शेवंतीचा.

खरं तर अण्णा रंगभूमीवरचा गडी. विमा कंपनीत नोकरी केली ती पोटापुरती. संध्याकाळी बेंगळुरूतल्या मराठी मंडळात, नाहीतर कन्नड नाटकाच्या तालमीत. आवाज असा की माइक लागायचा नाही. निवृत्तीनंतर मालिकेत नायकाच्या वडिलांचं काम मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. दुसऱ्याच भागात त्याला हार्ट अटॅक आला आणि तो भिंतीवर गेला. चेहरा चौकटीत इतका शोभला, की पुढच्या दोन मालिकांनी नुसता फोटोच मागवून घेतला. याला बोलावलंही नाही! एवढा आवाज आणि त्यानंतर चार वर्षांत पडद्यावर एक शब्द नाही. मला तर त्या लोकांचा संतापच यायचा. अण्णा मात्र हसायचा. व्हाइटफील्डच्या मेट्रोत एक बाई त्याला बघून "अय्यो देवरे!" म्हणत दुसऱ्या डब्यात पळाली, ही गोष्ट तोच रंगवून सांगायचा.

मग पहिल्या मालिकेचे प्रेक्षक घटले आणि नागराज या दिग्दर्शकाला सुचलं, की वडील मेलेच नव्हते, स्मृती जाऊन कुठल्याशा आश्रमात होते. अण्णाला परत येण्याच्या प्रसंगाचं पानभर भाषण मिळालं. त्याने ते इतकं घोकलं, की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही पाठ झालं.

शूटिंग आनेकलजवळच्या एका बंगल्यात होतं. वहिनी आणि मी सोबत गेलो. पोचल्या पोचल्या नागराज म्हणाला, "अण्णा, भाषण काढून टाकलंय. रडायचं काम हीरोचं. तुम्ही दारात नुसतं उभं राहायचं."

अण्णाचा चेहरा पडला. "स्वल्प तरी बोलू द्या हो. एक वाक्य. नाहीतर लोकांना वाटेल, फोटोच आणून दारात उभा केलाय."

"आधीच उशीर झालाय, अण्णा. प्लीज."

अण्णा गुमान दारात जाऊन उभा राहिला. त्या वेळी नागराजला चार शब्द सुनावावेत, असं फार वाटलं मला. वहिनीने माझा हात दाबून धरला.

कॅमेरा सुरू झाला. मालिकेतली त्याची बायको, म्हणजे कावेरी नावाची नटी, आतून आली. चार वर्षं ती बिचारी रोज त्या फोटोपुढे उभी राहून घरातली गाऱ्हाणी सांगत होती. अण्णाला बघून ती ठरल्याप्रमाणे थबकली. अण्णाही ठरल्याप्रमाणे गप्प. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी हळू, नाटकातल्या आवाजात नव्हे, घरातल्या आवाजात विचारलं, "ऊट आयिता?"

जेवलीस का? या गावात दारात भेटणारा कुणीही कुणालाही हेच विचारतो.

कावेरी संवाद विसरली. "इल्ला, नाही," म्हणाली आणि ग्लिसरीनशिवाय ढसाढसा रडायला लागली. हीरो कोपऱ्यात तसाच उभा राहिला. मीही रडले, लपवत नाही. नागराजने कट म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

प्रसंग संपल्यावर तो अण्णाजवळ आला. "सरी अण्णा, नाळे बन्नी. उद्या या. तुमचं भाषण तुम्हाला परत देतो."

परतीच्या वाटेवर ट्रॅफिक तुंबलेलं. अण्णा आनेकलपासून घरापर्यंत अखंड बोलत होता: कसं सुचलं, कावेरी कशी दचकली, नागराजचा चेहरा कसा झाला. सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलेलं. तरी वहिनी प्रत्येक सिग्नलला त्याच्याकडे वळून विचारत होती, "मग? पुढं काय झालं?"