गोल पेशींची वाट

मुलांच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या रक्ततपासणीच्या खोलीत, एक बाई सत्तावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत होत्या. रक्तातल्या पेशी मोजणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना काउंटबाई म्हणत. वरच्या वॉर्डातून नर्सचा फोन येई, "काउंटबाई, सात नंबरचा काउंट झाला का हो?" त्यावर बाई म्हणत, "झाला असता, फोन घ्यायला उठावं लागलं नसतं तर."

उठणं त्यांना सोपं नव्हतंच. डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. डाव्या चपलेला जाड तळ लावून घ्यावा लागे.

त्या सात वर्षांच्या असताना त्यांच्या नडगीच्या हाडात पू झाला होता. आधी ताप, मग पाय टेकवेना, मग पायाला पांघरूण लागलं तरी किंकाळी. त्यांचे वडील कुलपं दुरुस्त करायचे. दुकान बंद ठेवून चार महिने ते लेकीच्या खाटेशी बसले. जो डॉक्टर येईल त्याला एकच विचारायचे, "साहेब, हिच्या पायात आत नेमकं काय चाललंय?"

एका डॉक्टरांनी वैतागून सांगितलं, "तुम्हाला कळणार नाही ते."

त्यानंतर वडिलांनी विचारणं सोडलं. फक्त रात्रंदिवस त्या पायाकडे बघत राहायचे, न उघडणाऱ्या कुलपाकडे बघावं तसं. पाय वाचला, पण वाढ खुंटली. पुढे लेक शिकली, याच दवाखान्यात लागली. पहिला पगार व्हायच्या आधीच वडील गेले. त्यांना एकदा, फक्त एकदा, मायक्रोस्कोपसमोरच्या या स्टुलावर बसवायचं होतं. "बाबा, आता बघा," एवढंच म्हणायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच. लग्न झालं नाही, आईही गेली. मागे राहिला एक धाकटा भाऊ, तोही दूरच्या शहरात. त्याचा फोन रविवारी.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात एक नव्या डॉक्टर आल्या. हाडात अचानक जंतुसंसर्ग झालेल्या मुलांच्या रोगप्रतिकारक पेशींचा त्या अभ्यास करत होत्या. आईवडिलांच्या परवानगीने प्रत्येक मुलाचं थोडं जास्तीचं रक्त पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घेतलं जाई. मोठं मशीन पेशी वेगळ्या करून मोजायचं, तरी डॉक्टर म्हणाल्या, "ताई, मला तुमच्या डोळ्यांनी मोजलेलंही हवंय. मशीन आकडा देतं. पेशी कशी दिसते ते तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून बाई शंभराऐवजी दोनशे पेशी मोजू लागल्या.

मग आली टुणटुणी. सहा वर्षांची पोर, गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात जंतू शिरलेले. हे नाव बाईंना तिच्या बापाकडून कळलं. बाप वेल्डर होता, बाहींवर ठिणग्यांची भोकं. रोज सकाळी तो तपासणीच्या खिडकीशी येऊन उभा राही.

"रिपोर्ट वर डॉक्टरांकडे जातो," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. "इथे काही सांगता येत नाही आम्हाला."

"माहितेय हो. पण वर नुसतं बसवत नाही. तिला आम्ही टुणटुणी म्हणतो, एका जागी ठरायची नाही कधी. आता हात लावू देत नाही पायाला." मग तो खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवत म्हणाला, "आत काय चाललंय तेवढं कळलं असतं तर..."

बाईंच्या हातातली रक्ताची काचपट्टी हातातच राहिली. "डॉक्टरांना विचारून बघते," त्या घाईने म्हणाल्या आणि आत वळल्या.

डॉक्टरांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वेल्डरला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं.

"दिसलं का काही?"

"जांभळे ठिपके दिसतायत."

"ज्यांच्या पोटात तीन-चार तुकडे दिसतात ना, त्या आधी धावणाऱ्या पेशी. जंतू आले की त्यांच्यावर तुटून पडतात. बघा किती झाल्यात. काही तर अजून कच्च्या आहेत, वय झालं नाही तरी शरीराने त्यांना बाहेर काढलंय."

"माझ्या पोरीने काढल्यात या?"

"तिनेच. आता गोल, गडद एखादी दिसते का शोधा."

तो बराच वेळ शोधत राहिला. "एकच दिसली."

"या जंतू ओळखून ठेवतात, नेम धरून काम करतात. दुखणं जोरात असलं की सुरुवातीला या रक्तात कमी होतात. सगळ्याच मुलांचं असं का होत नाही, तेच मॅडम शोधतायत. ताप उतरत जाईल तशा या परत यायला हव्यात. त्यांची वाट बघायची."

वेल्डरने डोळे पुसले, पुन्हा आत बघितलं. बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. वाकलेली पाठ, मानेवर उन्हाने रापलेली कातडी. त्यांना एकदम वाटलं, खांद्यावर हात ठेवावा. उचललेला हात त्यांनी मागे घेतला.

सातव्या दिवशी टुणटुणीचा ताप उतरला होता. वॉर्डात सगळे खुशीत होते. बाईंनी दोनशे पेशी मोजल्या, मग पुन्हा दोनशे. गोल पेशी होत्या तेवढ्याच, आणि कच्च्या अजून येतच होत्या. त्यांनी काचपट्टी उचलली आणि जिना चढून स्वतः वर गेल्या. वर्षानुवर्षं त्या जिन्याच्या वाटेला गेल्या नव्हत्या.

"ताई, तुम्ही? फोन करायचा ना!" डॉक्टर उठून उभ्या राहिल्या.

"फोनवर पटलं नसतं. मॅडम, लढाई संपलेली नाही हो. पोरीच्या पायात अजून काहीतरी आहे."

"ताप नाहीये तिला. बाकीच्या रिपोर्टमधले आकडेही उतरतायत."

"उतरतायत, पण रेंगाळत. मी नुसता काउंट करते, निदान तुमचं. पण एकदा बघा."

डॉक्टरांनी काचपट्टी स्वतः पाहिली आणि पायाचा एमआरआय पुन्हा करायला सांगितला. हाडाच्या आवरणाखाली पू साठलेला निघाला. त्याच दुपारी ऑपरेशन करून तो काढला. चार दिवसांनी बाईंना काचपट्टीवर दर कोपऱ्यात गोल पेशी दिसू लागल्या, तेव्हा त्या एकट्याच खोलीत "आल्या गं बाई, आल्या!" म्हणाल्या.

घरी जायच्या दिवशी वेल्डर टुणटुणीला कडेवर घेऊन खाली आला. बाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले.

"हाच पाय?" बाईंनी विचारलं.

"हा नाही, तो," टुणटुणी म्हणाली. "तुमचा कुठला?"

"हा."

"दुखतो?"

"नाही दुखत आता."

पोरीचं डोकं खांद्यावर टेकवून वेल्डर निघाला. ती त्याच्या कानात काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत हं हं करत होता. दार ओलांडेपर्यंत बाई बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी, रविवार नसताना, त्यांनी भावाला फोन लावला.

"काय गं ताई, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. एक विचारू? बाबांचा आवाज कसा होता रे? चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाजच येत नाहीये."

"मलाही नाही गं नीट आठवत. आई म्हणायची, माझा आवाज त्यांच्यासारखाच आहे."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. आज जेवलास काय, ते सांग."

तो सांगू लागला. भाजी खारट झाली होती, मुलाने ताट सारलं, बायको हसली. बाई फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ऐकत होत्या.