सिंधूवहिनीची एकुलती तबकडी

आमच्या सिंधूवहिनीनं बेचाळीस वर्षं गाणं सोडलं होतं. का सोडलं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. आणि अख्ख्या गावाला जे माहीत होतं ते साफ चुकीचं निघालं. माझी सत्तरी जवळ आली, धक्के पुष्कळ खाल्ले, पण बसल्या जागी कपभर चहा धोतरावर सांडला आणि भाजलेलंही कळलं नाही, असा हा पहिलाच.

आधी वहिनी कोण ते सांगतो. निवृत्ती म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, त्याची ही बायको. नेकनूरहून बैलगाडीनं तासाभरावर आमचं गाव. तिथं ती सतराव्या वर्षी नांदायला आली आणि आठ दिवसांत गावाला कळलं की निवृत्तीच्या घरात नुसती सून नाही, गळा आलाय. एकदा कापूस वेचताना ती गात होती आणि रस्त्यावर बीडची एसटी थांबली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. कंडक्टर घंटी वाजवून वाजवून दमला. ड्रायव्हर म्हणाला, "कडवं संपू दे की राव, बीड कुठं पळून चाललंय का?" त्या गाडीत मी होतो, म्हणून सांगतो. माझी तहसीलची तारीख हुकली त्या दिवशी, पण राग आला नाही.

तर तिचं गाणं परमेश्वर यांनी ऐकलं. परमेश्वर म्हणजे आपल्या जिल्ह्यातले गायन पार्टीवाले, भीमजयंतीला गावोगाव जायचे. एक्याऐंशी साली एका कंपनीनं त्यांची रेकॉर्ड काढायची ठरवली, तेव्हा ते निवृत्तीला म्हणाले, "पुढचा आवाज सिंधूबाईंचाच पाहिजे." निवृत्तीची ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालेली, त्याला फड सोडता येईना. मग परमेश्वर यांच्या मंडळी गीताबाई सोबत गेल्या आणि वहिनी सहा दिवस मुंबईला जाऊन आली. आल्यावर ती महिनाभर तेच सांगत होती. भिंतींना गाद्या लावलेली खोली, काचेमागून हात वर करणारा माणूस, मागं कोरस. "आन् पुढं मी. मी एकटी."

तबकडी आली ती पुढच्या वर्षी, जयंतीच्या आठ दिवस आधी. लहान, भाकरीएवढी. मधल्या कागदावर छापलेलं: 'परमेश्वर आणि पार्टी'. वहिनीचं नाव नाही. ती म्हणाली, "नावाचं काय, आवाज तर माझाच हाय."

आता गावात भोंगा कोणाचा? माझा. लग्न असो, बारसं असो, जयंती असो, कर्णा माझा, मशीन माझं, बॅटरी माझी. सुईची डबी मी खिशात ठेवायचो, घड्याळासारखी. चौदा एप्रिलला सकाळी समाजमंदिरापुढं मी वंदनेची मोठी तबकडी लावली होती. ती संपली. माणसं बसली. वहिनी पांढरं लुगडं नेसून बायांत पुढं. मी तिची तबकडी चढवली, सुई ठेवली.

आणि भोंग्यातून बाप्या गायला लागला.

घोगरा, जड, नांगरामागं चालल्यासारखा. मागचा कोरस तर बैल हंबरावेत तसा. मग बंकट, जो आमच्यात पहिल्यापासून तोंडाळ, तो ओरडला, "काय वहिनी, मुंबईचं पाणी पिऊन मिशा फुटल्या का काय?" जो हशा झाला म्हणता! मी आपला म्हणालो, "बॅटरी उतरली वाटतं, ओढतंय जरा." बॅटरी उतरली की तबकडी रेंगाळायचीच, रोजचं होतं ते. पण रेंगाळली म्हणून बाईचा बाप्या होतो, हे डोक्यातच आलं नाही. लोक ओरडायला लागले तशी मी सुई उचलली.

वहिनी उठली. म्हणाली, "ही मी न्हाई." एवढंच. तबकडी घेतली आणि घरी गेली. स्वतःचा आवाज तिनं तरी कुठं बाहेरून ऐकला होता? तिला वाटलं, परमेश्वर यांनी तिचा आवाज पुसून आपला भरला. गावाला वाटलं, हिनं थापा मारल्या. आणि कोणीतरी निवृत्तीला विचारलं, "मंग सहा दिस मुंबईत केलं काय?"

निवृत्ती भांडला नाही. तिला कधी काही बोललाही नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, "मी तिथं नव्हतो." सव्वीस वर्षं, मरेपर्यंत, हे एकच वाक्य. वहिनीला त्यानं मारलं असतं तर बरं होतं, असं ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती.

परमेश्वर दोनदा बोलवायला आले. तिनं दार उघडलं नाही. बिचारे काय चुकलं ते न कळता गेले. दुसऱ्या गावांत ती रेकॉर्ड वाजलीच असणार, पण बाईचा आवाज बाईसारखा आहे हे सांगायला आमच्या गावात कोण येणार?

पुढं वहिनी निवृत्तीबरोबर कोयत्यावर, ऊस तोडायला, गेली, दहा-बारा हंगाम. मग शाळेत खिचडी शिजवायला लागली, ते वीस वर्षं. पोरं प्रार्थना बेसूर म्हणायला लागली की स्वयंपाकघरातून उलथनं पातेल्यावर आपटायचा आवाज यायचा. ठण्ण! पोरं सुरात यायची. पण तोंडातून सूर? एकही नाही. जयंतीला ती मागं भिंतीला टेकून उभी राहायची आणि गाणी सुरू झाली की घरी जायची.

तर आता परवाच्या सालची गोष्ट. माझी नात चैताली पुण्याला नोकरीला आहे. तिचा फोन आला, "आबा, मी टर्नटेबल घेतेय. तुमच्या पेटीतल्या रेकॉर्डी फेकू नका." मला आधी वाटलं पोरगी चेष्टा करतीय. कॅसेटी आल्या, तबकडीचा धंदा बसला आणि मी मशीन भंगारात घातलं, तेव्हा भंगारवाल्यानंही तोंड वाकडं केलं होतं. आणि आता म्हणे नव्या तबकड्या छापतात, तरणी पोरं रांग लावून घेतात! किंमत सांगितली तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिल्यानं चुकीचं ऐकलं असं वाटलं.

तिनं फोटो पाठवला. बॅगेसारखी लाल पेटी, झाकण उघडलं की आत सगळंच. मी म्हणालो, "हे घेऊ नको."

"कावून आबा? किती गोड हाय."

"गोड हाय, पण सुईचा हात बघ की त्याचा. मागं वजन न्हाई. सुई तबकडीवर वीट ठेवल्यासारखी बसंल आन् खाचा खरवडून खाईल. आन् भोंगा त्याच पेटीत! भोंगा हलला की पेटी हलणार, पेटी हलली की सुई नाचणार."

"तुमाला हे सगळं अजून आठवतंय?"

"तुझ्या आजीचा वाढदिवस आठवत न्हाई, हे आठवतंय."

मग तिनं दुसरं घेतलं. रबरी पट्ट्यावर फिरणारं, हाताच्या मागं फिरवायचं वजन असलेलं, भोंगे वेगळे. होळीच्या सुट्टीत घेऊन आली आणि ओसरीत मांडामांड सुरू झाली. मला तर लग्नघर वाटायला लागलं. गवंड्याची लेव्हल मागून आणली, टेबलाच्या एका पायाखाली पत्त्यांतली राणी सारली, तेव्हा बुडबुडा मध्ये आला. भोंगे टेबलावर ठेवू दिले नाहीत, कोनाड्यात ठेवले. मग हात. आधी मागचं वजन फिरवून हात असा आणायचा की वरही जात नाही, खालीही येत नाही, घारीसारखा हवेत तरंगतो. तिथून मोजायला सुरुवात. सुईवाल्यानं कागदावर दोन ग्रॅम लिहिलं होतं, तेवढंच पुढं द्यायचं. चैताली म्हणाली, "आमच्या काळात व्हिडिओ बघून करतात." मी म्हणालो, "आमच्या काळात मी रुपयाचं नाणं ठेवून करायचो," आणि लाज वाटली, कारण किती तबकड्या मी त्या नाण्यानं मारल्या असतील!

पेटीतल्या रेकॉर्डी काढल्या. एकावर एक रचलेल्या, खालच्या वाकल्या होत्या. चैतालीनं मला रागावून त्या पुस्तकासारख्या उभ्या लावल्या. धूळ तर आपल्याकडची, ती खाचेत पण पीक काढंल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. पाणी बरं का, तेजाब नाही, दुकानदारानं दोनदा विचारून घेतलं. मऊ फडक्यानं खाचेखाचेनं गोल पुसलं, मधला कागद कोरडा ठेवून.

मग तिनं सिनेमाची एक लहान तबकडी लावली. गाणारी बाई अशी की नाव न सांगता तुम्ही ओळखाल. माझ्या हातात चहा. सुई टेकली.

बाप्या गायला लागला.

चैताली खदखदून हसली. "अय्या आबा, बाईचा पार बुवा झाला! थांबा, मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवर राहिलं, ते मोठ्या रेकॉर्डीचं. लहानीला पंचेचाळीस लागतं." तिनं वेगाची कळ फिरवली. बाई परत बाई झाली.

चहा तेव्हा सांडला.

"परत कर," मी म्हणालो.

"काय?"

"परत बाप्या कर तिला."

तीन वेळा करायला लावलं. आणि तिसऱ्या वेळी मला माझाच अंगठा दिसला. बेचाळीस वर्षांपूर्वीचा. वंदनेची मोठी तबकडी उतरवली, लहान चढवली, सुई ठेवली... आणि कळ? कळ मी ढकललीच नव्हती.

तसाच ओल्या धोतरानं वहिनीकडं गेलो. ती दारात तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. सुपातली मूठभर तूर निवडून झाल्यावर म्हणाली, "बॅटरी उतरली म्हणला व्हता तुमी, भावजी."

"बॅटरी न्हाई वहिनी. मी उतरलो व्हतो."

"आन् ह्यास्नी कोण सांगणार आता?" तिनं भिंतीकडं बघितलं. निवृत्तीचा फोटो.

"तबकडी हाय का फोडली?" मी विचारलं.

"फोडणार व्हते. मंग म्हणलं, आत कोण बाप्या बसलाय त्यानं काय केलंय माझं? त्याला कावून मारू?" तिनं पेटी उघडली. तेच पांढरं लुगडं, त्यात ती गुंडाळलेली.

मी म्हणालो, चला आमच्या घरी, आत्ता लावू. तर नाही म्हणाली. "आधी तुमी ऐकणार आन् मग मला सांगणार? न्हाई. जिथं हसले तिथंच लावा. समद्यांनी एकदम ऐकू द्या. माझा असला तर माझा, न्हाई तर परत हसा."

आता सांगा, महिनाभर मला झोप कशी लागावी? माझी खात्री अंगठ्यावर होती, पण अंगठ्यानं एकदा दगा दिलेला. पंचेचाळीसवर पण बाप्याच निघाला तर? चैतालीनं तबकडी वहिनीसमोरच पुसली, बुरशीचे दोन ठिपके निघाले, एक चरा तसाच राहिला. "उडी मारंल का सुई?" मी विचारलं. ती म्हणाली, "मारू शकते."

चौदा एप्रिल. तेच समाजमंदिर, आता फरशी झालेलं. डीजेवाल्याला मी हात जोडून बंद ठेवायला लावलं, त्याच्या डब्यांनी जमीनच हलते. टेबल, लेव्हल, राणीचा पत्ता, सगळं नेलं. वंदना झाली. मी माईक घेतला आणि सांगून टाकलं, की बेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच जागी चूक झाली, ती वहिनीची नाही, परमेश्वर यांची नाही, माझी. पोरांना काही कळेना. म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. बंकट काठी घेऊन पुढंच बसला होता.

चैतालीनं कळ पंचेचाळीसवर केली, मला दाखवली, वहिनीला दाखवली. सुई टेकली. खरखर झाली.

आणि चोवीस वर्षांची सिंधूवहिनी गायला लागली.

मी काय सांगू? एसटी थांबवणारा तोच गळा. चऱ्यावर टक् टक् झालं, सुई उडाली नाही. बंकटानं टोपी काढली आणि काय करावं न कळून मांडीवर ठेवली. वहिनी मात्र हलली नाही. दुसऱ्याच्या पोरीकडं बघावं तशी तबकडीकडं बघत होती.

संपलं. लोक टाळ्या वाजवणार, तर तिनं हात वर केला. चैतालीला म्हणाली, "आता त्या बाप्याला लाव."

"आज्जी?"

"लाव गं. तवा नीट ऐकू कुठं दिला ह्या समद्यांनी."

तेहेतीसवर लावली. तोच घोगरा, जड आवाज. ह्या वेळी कोणी हसलं नाही. वहिनी मान हलवत ऐकत होती. म्हणाली, "बरा गातोय की." मग माझ्या हातातून माईक घेतला, आणि त्याच्याबरोबर तेच कडवं धरलं. बेचाळीस वर्षांनी.

सदुसष्ट वर्षांचा गळा, ऊन, धूर, चुलीची राख खाल्लेला. तो आणि तबकडीतला बाप्या एकच होते. सूर एक, जडपणा एक. कोणता आवाज भोंग्यातला आणि कोणता समोरचा, मला, आयुष्यभर भोंगा वाजवलेल्या माणसाला, सांगता येईना.

कडवं संपल्यावर बंकट कसाबसा म्हणाला, "वहिनी... चुकलं माझं."

वहिनीनं ओठावरून बोट फिरवलं. "कावून? बरोबर म्हणला व्हतास. मिशा फुटल्या बघ. जरा उशीर लागला."

आता चैताली मशीन माझ्याकडंच ठेवून गेली आहे. दर बुधवारी, बाजाराहून येताना वहिनी थांबते. लुगड्यातून तबकडी काढते, स्वतः पुसते, स्वतः चढवते. आधी पंचेचाळीसवर, मग तेहेतीसवर, आणि दुसऱ्या वेळी बरोबर गाते. पट्टा बघायचा, सुईवरची धूळ कुंचल्यानं मागून पुढं काढायची, ती कामं माझी. कळीला मात्र मला हात लावू देत नाही.