म्हशीला दोन पानं

सांडू पेंटरनं पस्तीस वर्षं शहर रंगवलं आणि त्यातलं आज काहीही शिल्लक नव्हतं. शहागंजातल्या दुकानांच्या पाट्या मालकांच्या पोरांनी उतरवल्या. निवडणुकीच्या भिंती निकाल लागला की चुन्याखाली गेल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रशच घरी बसला. "जल्मभर पाण्यावर रंगवलं मी," असं तो बायकोला म्हणायचा. चंपाबाई म्हणायची, "मंग आता कागदावर रंगवा, पण माझं डोकं खाऊ नका."

त्यामुळे शेंद्र्याच्या शाळेतून निवृत्त झालेले बद्रीनाथ सर बालकवितांची वही घेऊन आले, तेव्हा सांडूला अठ्ठावन्नाव्या वर्षी पालवी फुटली. सरांची ओळख जुनी, शाळेच्या रंगकामापासूनची. त्यांना प्रत्येक कवितेला चित्र हवं होतं. सांडूनं हिशेब केला तो एवढाच, की पुस्तकावर कुणी चुना मारत नाही. ते पोरांच्या हातात जाईल, फाटलं तरी घरात राहील.

सगळ्यात जास्त जीव त्यानं म्हशीत ओतला. कविता होती: 'म्हैस निघाली लासूर बाजारी, शिंगं खिडकीत, शेपूट दारी.' सांडूनं लासूर स्टेशनची एसटी काढली आणि मधोमध अडकलेली म्हैस. कंडक्टर तिच्या पोटाखालून वाकून तिकीट मागतोय, एका बाईनं शिंगाला पिशवी अडकवून टाकलीय, शेवटच्या सीटवरचा म्हातारा शेपटीनं वारा घेतोय. चोवीस माणसं होती आणि चोवीसही वेगळी. बावीस दिवस लागले. चित्र पुस्तकाच्या मधल्या दोन्ही पानांवर पसरलं होतं, कारण म्हैस ही काही चिमणी नव्हे.

पुस्तक दोन फॉर्मचं, म्हणजे बत्तीस पानांचं. तिसरा फॉर्म सरांच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

आपल्याकडे पुस्तक काढायचं म्हणजे लग्न काढल्यासारखं. एकाला बोलावलं की दुसरा रुसतो. एका प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहिली, ती सात पानांची. मग संस्थेच्या अध्यक्षांचा शुभेच्छा संदेश आला, फोटोसकट. अध्यक्षांचा आहे म्हटल्यावर सरांच्या व्याह्यांनी 'दोन शब्द' पाठवले, ते दोन पानं भरले. एका जुन्या विद्यार्थ्यालाही सरांबद्दल गहिवरून आलं, आणि तो आता मोठ्या हुद्द्यावर असल्यानं त्याचा गहिवर छापणं भाग होतं. नमनालाच घडाभर तेल. आणि वाचणारं पोर आठ वर्षांचं!

प्रत्येक पाहुण्यासाठी सांडूचं एक चित्र उठायचं. गोगलगाय गेली. खार गेली. बेडकाचं लग्न होतं, त्यातली वरात गेली आणि नुसता नवरदेव उरला.

"सर, एकाला तरी नाय म्हणा की."

"त्यांचं मन दुखतं हो, सांडूभाऊ. इतक्या प्रेमानं लिहिलंय."

"अन बेडकीचं? तिचं लगीन मोडलं ना तुम्ही."

सर कसनुसं हसायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते सांडूला आता रोज दिसत होतं. माणूस इतका चांगला, की त्याला धरून हलवावंसं वाटायचं.

पुस्तक छापायला जाणार त्याच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांनी आणखी एक पान पाठवलं, बालकवितेतील प्राणिसृष्टी या विषयावर. सर संकोचत सांडूच्या घरी आले.

"म्हैस एका पानात नाही का मावणार?"

"बसमधी मावंना, तुमच्या पानात काय मावती?" सांडू ओरडलाच. "लावा त्या प्रोफेसरलाच म्हशीच्या जागी. पोरं लई हसतील."

सर उठून गेले. सांडूनं ओळखलं की म्हैस गेली. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात पोचला तो भांडायच्या तयारीनंच. सर तिथं आधीच चहा घेत बसले होते. छापखान्याचा मालक सोमनाथ म्हणाला, "म्हैस दोन्ही पानांवर हाय, पेंटर. सरांनी त्यांचं मनोगत काढून टाकलं."

सांडू कपाळाला हात लावून उभा राहिला. एवढ्या गर्दीत काढायला माणूस कोण सापडला, तर कवीच. त्यानं टेबलावरून ते पान उचललं. मनोगत एकाच पानाचं होतं.

'माझी मुलं वर्गात माझ्याकडे बघत नसत. सांडू पेंटरनं रंगवलेल्या भिंतीवरच्या प्राण्यांकडे बघत. मग मीही बघू लागलो, आणि त्या प्राण्यांना बोलायला काही असावं म्हणून कविता लिहिल्या. नव्या खोल्यांसाठी ती भिंत पाडली, तेव्हा मी रजा घेऊन घरी बसलो. पाडू नका, असं मला म्हणता आलं नाही.'

पस्तीस वर्षांत सांडूच्या रंगाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. त्यानं पान सोमनाथपुढे आपटलं.

"म्हैस बारीक कर. एकाच पानात घाल अन हे छाप."

"नाही," सर म्हणाले.

"अहो सर..."

"नाही म्हटलं ना. म्हशीला हात लावायचा नाही. सोमनाथ, मशीन सुरू कर."

सांडू त्यांच्याकडे बघतच राहिला. "प्रोफेसरला नाय म्हणवलं नाय, व्याह्याला नाय. अन मलाच कसं बरं म्हणता येतं तुम्हाला?"

"तुम्ही रुसलात तरी उद्या घरी याल," सर म्हणाले. "बाकी कुणाची तशी खात्री नाही मला."

सांडूनं मनोगताचं पान उचलून घडी घालून खिशात ठेवलं, आणि सरांच्या पुढ्यातला चहा रागारागानं स्वतःच पिऊन टाकला.