लेकीच्या दाराचा साग

कुठलंही लाकूड दिसलं की रावसार आधी बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे आणि मग त्याला नाक लावायचे. चेन्नईत टी. नगरच्या दुकानात घरच्या बायका साड्यांचे पदर उलगडून बघत असताना हे गृहस्थ काउंटरची फळी हुंगत उभे. "वरती साग, आंत भुसा," असा निकाल लागायचा आणि तो दुकानदारालाही तमिळमध्ये ऐकवला जायचा. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. लाज आपल्याला वाटते, त्यांना नाही.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ओतकामाचा छोटा कारखाना होता. लोखंडी भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. हे नमुने ते करत. तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या इथलेच; इकडे मराठी माणसाला राव म्हणतात, त्यामुळे सगळा कारखाना त्यांना रावसार म्हणे. मी कोल्हापूरचा, पण त्यांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस पुणेकर. "काय हो पुणेकर, अवसर नक्को," हे मी दिवसातून दहादा ऐकायचो. घाईला ते अवसर म्हणत. त्यांचं मराठी ऐकताना कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय असं वाटे.

तिरुवळ्ळूरच्या बाजूला त्यांची दीड एकर जमीन होती आणि तिच्यात त्यांनी साग लावला होता. सुट्टीच्या दिवशी मलाही तिकडे ओढून नेत. पहिली तीन वर्षं त्यांनी झाडांना पाणी दिलं, मग बंद केलं. शेजाऱ्याचा साग पाइपच्या पाण्यावर माजला होता, आणि रावसारांची झाडं त्याच्यापुढे निम्म्या जाडीची.

"तुमची पोरं उपाशी दिसतात," मी एकदा डिवचलं.

"उपाशी नव्हेत हो, सावकाश जेवतात. भराभर वाढलं की कडेचं पांढरं लाकूड जाड राहतं. वाळवी तेंच खाते. आंतलं तपकिरी तिला चावत नाहीं."

हे सांगता सांगता ते शिडीवरून खोडाचे कोवळे फुटवे खुडत. फुटवा राहिला की पुढे फळीत गाठ पडते, म्हणून दर फेरीला प्रत्येक झाडाची तपासणी व्हायची. अंगावर मुंग्या, डोक्याला पंचा आणि तोंडाने झाडांशी तमिळमध्ये बडबड. त्या शिडीवर ते जितके खुशीत असत तितके खुशीत मी त्यांना दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मग लेकीने अंबत्तूरलाच घर बांधायला काढलं. एकुलती एक लेक. झाडं तेव्हा सोळा वर्षांची होती. इकडे मुख्य दाराची चौकट, म्हणजे वासक्काल, उभी करताना पूजा असते, घरचे सगळे जमतात. तिने बापाकडे एवढंच मागितलं: "अप्पा, वासक्काल आपल्या झाडाचं पाहिजे."

रावसार नाही म्हणाले. दाटी कमी करायला नुकतंच एक झाड तोडलं होतं, त्याची चकती त्यांनी तिच्यापुढे ठेवली. मधोमध वाटीएवढं तपकिरी, बाकी सगळं पांढरं.

"हें थोड्या वर्षांत वाळवी खाईल. तुझ्या दारास हें लावूं?"

"मग तुमची झाडं तुम्हांलाच राहूं देत," असं म्हणून ती उठून गेली.

मलाही त्यांचा राग आला. म्हटलं, एका दाराचा तर प्रश्न आहे! पांढऱ्या लाकडाची दारं काय जगात नाहीत?

"आहेत की," ते म्हणाले. "माझ्या हातचं नाहीं."

शेवटी वखारीतून जुना, मुरलेला साग आला. कारखाना सुटल्यावर आठ दिवस रावसारांनी स्वतः त्याच्यावर रंधा मारला. ती बघायला आली नाही. पूजेच्या दिवशी सगळ्यांनी चौकटीला हळदकुंकू लावलं आणि हे सिमेंटच्या पोत्यांपाशी हात बांधून उभे. लेक त्यांच्याशी बोलली, पण पाहुण्यांशी बोलावं तशी. पुढे सणावाराला येणंजाणं राहिलं, सागाच्या जमिनीवर मात्र तिने पाऊल ठेवलं नाही. त्यांनीही कधी 'चल' म्हटलं नाही. दोघंही एकाच मातीची, दुसरं काय!

अठरा वर्षांनी रावसार गेले तेव्हाही बाकीची झाडं उभीच होती. दोन वर्षांनी वादळात त्यातलं एक आडवं झालं. लेकीचा मला फोन आला, "काका, तुम्ही येता का? मला यातलं काही कळत नाही."

आम्ही ते आरागिरणीत नेलं. पातं आत शिरलं, उग्र वास सुटला आणि छत्तीस वर्षांचं ते लाकूड आमच्यासमोर दुभंगून पडलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत तपकिरी! पांढरं म्हणाल तर कडेला बोटभर. तिने त्या पांढऱ्यावर आपलं बोट आडवं ठेवून मापून पाहिलं. मी तर जणू काही मीच ते वाढवलं होतं अशा थाटात आजूबाजूला पाहिलं.

गिरणीच्या म्हाताऱ्या मालकाने यंत्र थांबवलं. बुंध्यापासून वरपर्यंत तळहात फिरवला. एक गाठ लागली नाही.

"कोणी वाढवलं हे?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच ती पुढे झाली.

"माझ्या अप्पांनी," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की पलीकडे फळ्या रचणारी माणसंही वळली. "बाकीची उभी आहेत. एकदा या, दाखवते."