फायनलनंतरचा गुडघा

"मॅडम, फक्त पट्टी बांधून द्या. परवाची फायनल निघाली की तुम्ही म्हणाल तेवढी रेस्ट घेईल ती."

वानखडे सर माझ्या क्लिनिकच्या दारातूनच बोलत होते. ते तालुक्याच्या एका कॉलेजात स्पोर्ट्सचे सर. त्यांच्या मागे बाकावर ट्रॅकसूट घातलेली एक मुलगी बसली होती, उजवा पाय लांब सोडून.

मी बुलढाण्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येतात ते जास्त करून कंबर, मान आणि लकव्याचे पेशंट. खेळाडू कमी येतात, आणि येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

"आधी बघू तर द्या," मी म्हटलं.

मुलीचं नाव प्रज्ञा गवई. धाड गावची, बी.ए.ला. कॉलेजच्या कबड्डी टीमची मुख्य रेडर. रेडर म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकटी घुसून, कुणाला तरी शिवून परत येणारी. प्रॅक्टिसमध्ये वळताना पाय मुरगळला होता. आठवडाभर घरीच बाम आणि शेक चालू होता. सूज उतरली, ती चालायला लागली, तेव्हा सरांना ती बरी झाल्यासारखी वाटली.

"मुरगळला तेव्हा आवाज आला होता का?"

"हो. काडी मोडल्यावानी."

टेबलावर घेतलं. मांडी एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून बघायची, अशी एक साधी टेस्ट असते. चांगल्या गुडघ्यात नडगी जराशी सरकते आणि खट्कन थांबते. तिची डावी थांबली. उजवी सरकतच राहिली.

गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक लिगामेंट असतो. मांडीचं हाड आणि नडगी यांना तो जागेवर धरून ठेवतो. डॉक्टर लोक त्याला एसीएल म्हणतात. तिचा तो तुटलेला होता. पक्कं सांगायला एमआरआय लागतो, पण माझ्या मनात शंका नव्हती. आणि इथंच सगळे फसतात. सरळ रस्त्यानं चालायला हा लिगामेंट फारसा लागत नाही. पेशंट चालतो, घरच्यांना हायसं वाटतं. लिगामेंट लागतो तो वळायला, आणि रेडरचं सगळं कामच वळण्याचं.

मी दोघांना समोर बसवून हे सांगितलं. खेळायचं नाही, एमआरआय काढायचा, ऑर्थोपेडिककडे जायचं.

"पण पट्टी घट्ट मारली तर?" सरांनी विचारलं.

"पट्टी कातडीला चिकटते सर. आतलं हाड ती धरत नाही. गुडघा निसटला तर हाडांमधली गादीही फाटेल."

"तिलेच विचारा ना मॅडम. ती तयार हाये."

प्रज्ञा लगेच म्हणाली, "खेळते मी मॅडम. आता दुखून नाही राह्यलं."

मी नाही म्हटलं. सरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"तुमच्यापासून काय लपवू? मी तासिकेवरचा माणूस आहे." म्हणजे पक्की नोकरी नाही, दरवर्षी नवीन ऑर्डर. "आमची टीम पहिल्यांदा फायनलला आली. तिच्याशिवाय टीम नाही. हरलो तर पुढच्या जूनमध्ये मले कोण ओळखते?"

माणूस वाईट नव्हता. मुलींना घेऊन तो भर उन्हात ग्राउंडवर उभा असायचा, हे मी स्वतः पाहिलं होतं. पण पट्टी मी मारली नाही. त्यांच्यासमोरच प्राचार्यांना फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"बरं झालं सांगितलं," प्राचार्य म्हणाले. "मी बोलतो वानखडेंशी."

ते बोललेही. मुलगी काय म्हणते, एवढंच त्यांनी विचारलं. मुलगी खेळते म्हणते, असं वानखडे सरांनी सांगितलं. तिथे तो विषय संपला.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप क्लिनिकसमोर थांबली. धाड ते बुलढाणा चालणारी. ड्रायव्हरनं उतरून पुढच्या सीटवरून पोरीला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं. ते प्रज्ञाचे बाबा.

तिचा गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला होता. सरळही होईना, आणखी वाकेही ना.

"मी होतो तिथं," बाबा म्हणाले. "फेरी सोडून मॅच पाहाले गेलतो. दुसऱ्या हाफमध्ये ही आत गेली, एकीले शिवलं अन् परत फिराले लागली. अंग फिरलं मॅडम, पाय नाही फिरला. तिथंच बसली."

"मग?"

"टीम जिंकली. फोटोले हिले दोघीईनं उचलून धरलं. मंग टीमची गाडी मिरवणुकीले गेली, अन् मी हिले घरी आणलं."

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कुर्चेच्या गाद्या असतात. त्यातली एक फाटून, घडी पडून सांध्यात अडकली होती. दारात कापड अडकावं आणि दार लागू नये, तसं. एमआरआय निघाला, संभाजीनगरला ऑपरेशन झालं. लिगामेंट नवीन बसवला. गादी मात्र शिवण्यासारखी उरली नव्हती. सर्जननी तिचा बराचसा भाग काढून टाकला. फायनल न खेळता ऑपरेशन झालं असतं तर लिगामेंट बसवून गुडघा पुष्कळ अंशी पहिल्यासारखा झाला असता. काढलेली गादी परत येत नाही.

त्यानंतर ती माझ्याकडे एक्सरसाइजला यायला लागली. बाबा पहिल्या फेरीला तिला आणत आणि दुपारच्या फेरीला नेत. ती मन लावून करायची. इतर पेशंट एक्सरसाइज चुकवतात, हिला मला थांबवावं लागायचं. कारण तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. कबड्डीसुद्धा ती त्याच्यासाठीच खेळायला लागली होती, आवड नंतर लागली.

एकदा मी विचारलं, "एवढं सांगूनही खेळलीस कशी?"

ती मांडीचा स्नायू आवळून धरत होती. सोडल्यावर म्हणाली, "मले कोनी जबरदस्ती नाही केली मॅडम. सर फक्त म्हनले, तू नसली त टीम नाही. बाकीच्या साऱ्या माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. मंग मी काय म्हनू?"

कॉलेजच्या गेटवर विजयी टीमचं फ्लेक्स लागलं. त्यात ती मधोमध होती, दोघींच्या खांद्यावर हात टाकून. कॉलेजातून तिला बघायला वानखडे सर एकदा आले. बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसले. आत आले तेव्हा तिनंच त्यांना पुढच्या मॅचचं विचारलं. बाकी कुणी आलं नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा मी तिच्या बाबांना घेऊन प्राचार्यांकडे गेले. वानखडे सरांनाही बोलावलं होतं. प्राचार्यांनी चहा मागवला.

"फार वाईट झालं मॅडम," ते म्हणाले. "पण खेळ म्हटला की इंज्युरी आलीच. आणि तिनं स्वतःच सांगितलं होतं ना, खेळते म्हणून."

"एकोणीस वर्षांची खेळाडू दुसरं काय सांगणार सर? आणि मी फोन केला होता."

वानखडे सर टेबलाच्या काचेकडे बघत होते.

तेव्हा प्रज्ञाचे बाबा बोलले. आवाज चढवला नाही. "सर, मी भांडाले नाही आलो. वकील-कोर्ट मले समजत नाही. पोरगी तुमच्या कॉलेजसाठी खेळली. आता ती तुमची हाये का नाही, तेवढं सांगा."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "आमचीच आहे," ते म्हणाले.

मग मी काय काय हवं ते सांगितलं. हजेरी कमी भरली म्हणून तिला अडवू नका. पेपर तळमजल्यावर बसून देऊ द्या, तिला इतक्यात जिने चालणार नाहीत. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो, तर नोट्स तिच्यापर्यंत पोहोचवा. प्राचार्य प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं, असं मला आजही वाटतं. हजेरीचं त्यांनी तिथल्या तिथे मिटवलं. बाकीचं कोणी करायचं, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली ती गुडघा पुन्हा सुजवून. हात लावला तर गरम लागत होता.

"काय केलंस?"

"पेपर होता. वर."

"खाली ठरलं होतं ना?"

"माहा नंबर वरच्या हॉलमध्ये टाकेल होता. खाली जे सर होते ते म्हनले, मले काही ऑर्डर नाही. टाईम होऊन राह्यला होता."

"मग चढलीस कशी?"

"बसून," ती म्हणाली. "उलटी. एक पायरी हातानं वर, मंग दुसरी."

"कुणी धरलं नाही?"

"पोरी धरून राह्यल्या होत्या. मीच नको म्हनलं. साऱ्याईचा पेपर होता."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिला पेपर सोपा गेला होता, आणि ते सांगायची तिला जास्त घाई होती.

मी तशीच कॉलेजात गेले. प्राचार्य ऐकत गेले आणि म्हणाले, "अहो मॅडम, आम्हाला सांगायचं ना."

"तुम्हालाच सांगितलं होतं सर. याच खुर्चीवर बसून."

त्यांना आठवलं. तोंड उतरलं. परीक्षेचं काम बघणाऱ्या सरांना बोलावून त्यांनी उरलेले पेपर खाली आणवले. पुढच्या पेपरला ते स्वतः गेटवर उभे होते, असं प्रज्ञाच्या बाबांनी मला सांगितलं. जीप आली तशी त्यांनी दार उघडलं आणि तिची कुबडी हातात घेतली. बाबांना त्याचं अप्रूप वाटलं होतं. मला मात्र ऐकताना वाटत राहिलं, की एवढंच तर सुरुवातीला हवं होतं.

प्रज्ञा पास झाली. मग कुबडी सुटली, लंगडणं गेलं. नऊ-दहा महिन्यांनी मी तिला हळू पळवून पाहिलं. सरळ, मऊ मातीवर, दम लागणार नाही इतपत. संध्याकाळी गुडघ्यात पाणी झालं. महिनाभर थांबून पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. सर्जनशी बोलले. ते म्हणाले, रोज पळवलं तर तिशीतच गुडघा झिजेल.

हे तिला मला सांगावं लागलं.

ती म्हणाली, "भरतीत त सरळच पळाचं असते मॅडम. वळाचं नसते."

"सरळ पळायलाही गादी लागते गं. प्रत्येक पाऊल तिच्यावरच आपटतं."

तिनं मान हलवली. पायमोजे घातले, बुटांच्या नाड्या बांधल्या, नीट, दोन्ही पायांच्या. बाबांची जीप यायला वेळ होता. तोवर ती बाहेर बाकावर बसून राहिली. मी दोनदा बाहेर डोकावले. तिला रडायचं होतं की नाही ते कळलं नाही, म्हणून मी आत पुढचा पेशंट घेतला.

आता ती धाडच्या एका पतसंस्थेत काउंटरवर असते. गुडघा रोजच्या कामाला ठीक आहे. कबड्डी बघायला ती जात नाही.

वानखडे सरांची ऑर्डर त्या जूनमध्ये निघाली. जिंकलेली टीम कामी आली. पण त्यांनी कॉलेजात एक गोष्ट लावून धरली आणि प्राचार्यांनी ती मान्य केली. खेळाडूला लागलं, तर डॉक्टर किंवा फिजिओ हो म्हणेपर्यंत तो ग्राउंडवर उतरत नाही, मग तो स्वतः काहीही म्हणो. त्यामुळे हल्ली त्या कॉलेजची मुलं माझ्याकडे वेळेत येतात. बहुतेकांचं साधंच निघतं. थोड्या विश्रांतीनं ती बरी होतात आणि परत खेळतात. आपण कशातून वाचलो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि मी सांगत नाही.

कॉलेजनं जखमी खेळाडूला काय द्यावं, असं मला कधीकधी कार्यक्रमात विचारतात. उपचार, हजेरी, तळमजला, हे सगळं मी सांगते. पण त्याच्याही आधी एक गोष्ट येते. खेळाडूला नेहमीच खेळायचं असतं, त्यामुळे त्याच्या 'हो'ला काही अर्थ नसतो. 'नाही' कॉलेजनं म्हणायचं असतं, आणि ते मॅचच्या आधी म्हणायचं असतं.