झेल्डाची हाक

झेल्डा पर्लमनच्या तोंडाला लिव्हरपूलचे मासेवालेही वचकून असत. तिच्या गळ्यात शिळा मासा मारायची कुणाची छाती नव्हती. भाव पाडण्यात आणि स्वतःच्या नवऱ्याच्या, हायमनच्या, शिवणकामात खोट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अशा या बाईने एक गोष्ट मात्र जन्मात तोंड उघडून मागितली नव्हती, ती म्हणजे शनिवारचा विस्तव.

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला "पेटव" असंही म्हणायचं नाही, हा घरचा नेम. आपण होऊन कुणी पेटवला तर चालतो. म्हणून दर शनिवारी सकाळी समोरची ब्रायडी कार्नी दार ढकलून आत यायची. ब्रायडी आयरिश, गळ्यात क्रूस, बोलायला झेल्डाच्या तोडीची. झेल्डा छताकडे बघत म्हणायची, "घर कसं गार पडलंय बाई!" भर उन्हाळ्यातसुद्धा हेच. "पडलंय खरं," म्हणत ब्रायडी कपाळावरचा घाम पुसायची आणि चूल पेटवायची. मग 'स्वतःपुरती' किटली ठेवायची, पण पाणी तिघांना पुरेल एवढं असायचं. जाताना शब्बाथच्या पावाचा जाड तुकडा आपल्या हाताने कापून न्यायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तिकडे पॅलेस्टाईनमध्ये ज्यू बंडखोरांनी दोन इंग्रज शिपायांना फाशी दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला आणि इथल्या माणसांची माथी भडकली. तिकडच्या बंडखोरांशी हायमन शिंप्याचा काय संबंध, असा विचार करायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी झेल्डाने शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या, हायमनने पावावरचं फडकं उचललं, आणि घराच्या पुढच्या भागातल्या त्यांच्या दुकानाची काच खळ्ळकन फुटली. बाहेर शिव्या आणि हसणं चाललं होतं. त्या काचेमागे त्यांच्या लिओचा फोटो होता, इंग्रजांच्याच सैन्याच्या गणवेशातला. पोरगं अजून जर्मनीत चाकरी बजावत होतं.

झेल्डा उठली. हायमनने तिचं मनगट धरलं. "आज तोंड मीट. माझ्यासाठी."

तिने मिटलं, आणि हायमनला दगडांपेक्षा त्या मिटल्या तोंडाचीच जास्त भीती वाटली.

सकाळी ती दुकानात खुर्ची टाकून बसली. शब्बाथ, त्यामुळे फळ्या ठोकता येत नव्हत्या. फोटो काचांमध्ये पालथा पडला होता. ती मात्र समोर बघत होती. ब्रायडीच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

लिथुआनियातल्या तिच्या गावी, ती लहान असताना, ज्यूंच्या घरांवर दगड पडण्याआधी शेजारणीने असाच पडदा ओढून घेतला होता. त्या गावातलं तिचं आता कुणी उरलं नव्हतं.

"ती आली नाही तर आपण इथून निघायचं," झेल्डा म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही."

"या दुकानात जन्म गेला माझा. इथे सुया मोडल्यात मी."

"सुया कुठेही मोडता येतात."

नेहमीची वेळ टळली. चूल गार, किटली गार. हायमन प्रार्थनेचं पुस्तक धरून बसला, पण पान काही उलटत नव्हता. एवढ्यात समोरचा पडदा बोटभर हलला आणि पुन्हा मिटला. थोड्या वेळाने परत हलला.

झेल्डा खुर्चीत पुढे सरकली. अगं बाई, ही तर वाट बघतेय! कालच्या प्रकारानंतर ब्रायडी या घरात चालेल का, हे तिला कुणी सांगावं? बावीस वर्षांत तिला "ये" असं कुणी म्हटलंच नव्हतं.

झेल्डा उठली, फुटक्या खिडकीशी गेली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "ब्रायडी! ये गं! चूल पेटव माझी!"

मागे हायमनने पुस्तकात डोकं आणखी खाली घातलं. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "काच फुटल्यापासून नुसता वारा ऐकू येतोय."

ब्रायडी धावत आली. तिने आधी लिओचा फोटो उचलला, काचा झटकल्या, एप्रनने पुसला. मग चूल पेटवली. किटली ठेवताना पाठमोरीच म्हणाली, "काल माझा पोरगाही होता त्यांच्यात, पॅट. दगड नाही उचलला म्हणतो. नुसता उभा होता."

"ज्याने माझ्या लिओला सायकल शिकवली, तो?"

"तोच."

झेल्डाने फुटक्या खिडकीकडे पाहिलं. "संध्याकाळी पाठव त्याला," ती शेवटी म्हणाली. "फळ्या ठोकायच्यात. इथेही नुसता उभा राहिला, तर हातोडा डोक्यात घालीन."

"हे दुसऱ्यांदा सांगणं झालं," हायमन पुस्तकात पुटपुटला.

"तू वारा ऐक!"

चहा झाला. ब्रायडी निघाली, पण आज तिने पावाला हात लावला नाही. मग झेल्डानेच सुरी घेतली. पाव रेशनवर मिळायचा, तरी तिने दोन जाड तुकडे कापले आणि ब्रायडीच्या हातात कोंबले.

"एक तुझा, एक त्याचा. घशाखाली उतरला तर उतरू दे."

तुकडे एप्रनमध्ये धरून ब्रायडीने रस्ता ओलांडला, घरात शिरली, आणि आधी खिडकीशी जाऊन पडदा पार टोकापर्यंत सारला.