अक्काच्या खोलीतले मासे

आमच्या खानदेशात लेकी दिवाळीपेक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हक्काने माहेरी येतात. आई-वडील गेल्यावर अक्काचं माहेर म्हणजे जळगावातलं माझं दोन खोल्यांचं घर. त्या आखाजीला बायको तिच्या माहेरी गेली आणि माझी मोठी बहीण, अक्का, सोनगीरजवळच्या गावाहून पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आली. तिला मी आतली खोली दिली. माझी माशांची टाकी त्याच खोलीत होती.

टाकीत दोन पाईक सिक्लिड होते. लांबोडके, टोकदार तोंडाचे, दक्षिण अमेरिकेतल्या खळाळत्या नद्यांत राहणारे. या माशांच्या जाती ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि मला जमतं असा मला भारी माज. फोनवरच्या शौकिनांच्या ग्रुपमध्ये शेपटीवरच्या एका ठिपक्यावरून मी लोकांशी तास तास भांडायचो. माझ्या दोघांत एक मोठा, करडा; दुसरा लहान, पोटाशी लालसर. या दोन वेगळ्या जाती, असं मी ठरवून टाकलं होतं आणि मध्ये काच घातली होती.

अक्काने पिशवी ठेवली, टाकीपुढे उकिडवी बसली आणि पाणी प्यायच्या आत म्हणाली, "देख भाऊ, हाऊ नर शे आन ही मादी. पोट देख ना तिनं! यासनं लगीन लाई दे."

"अक्का, या तुझ्या शेळ्या नाहीत," मी हसलो.

संध्याकाळी मात्र ती देवळात गेल्यावर मी गुपचूप काच काढली. आखाजीच्या सकाळी टाकीतल्या पाइपच्या तुकड्यात अंडी होती. मी ग्रुपवर फोटो टाकला. नर-मादी कशी ओळखलीस, असं कुणीतरी विचारलं. मी लिहिलं, "निरीक्षण." तेव्हा माहेरपणाला आलेली माझी बहीण स्वयंपाकघरात घामाने निथळत माझ्यासाठी खापरावर मांडे भाजत होती.

हे मासे बिचकले की स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. म्हणून मी अक्काला बजावलं, दिवा लावायचा नाही, टाकीसमोरून जायचं नाही. ती भिंतीला धरून चालायला लागली. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. बाहेर फरशीवर पाय ठेववत नव्हता. माझा इन्व्हर्टर लहान. त्यावर एक तर पंखा चालतो, नाही तर टाकीचे पंप. नदीच्या माशांना पाणी सारखं खेळतं लागतं, त्यातून अंडी. अक्का चटईवर आडवी झाली होती. मी तिच्या डोक्यावरचा पंखा बंद केला आणि पंप चालू केले. तिने पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे भाऊ, मी निंबखाल बठस," म्हणाली आणि पदराने मान पुसत बाहेर कडुनिंबाखाली गेली. मी तिला थांबवलं नाही. मी पाइपात वाकून अंडी बघत होतो. हे लिहितानाही माझी मलाच किळस येते.

तिसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. सासूबाईंना बरं नाही, म्हणाली. मी तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. खोटं कशाला बोलू, परतताना मला हायसं वाटलं होतं.

महिन्याभराने सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला सफरचंदं घेऊन तिच्या गावी गेलो. सासूबाई ओट्यावर टणटणीत बसून शेंगा फोडत होत्या.

"माले काय व्हयनं? साधी सर्दी बी नही!" त्या हसल्या. "मनाबिगर करमनं नही म्हनीसन सून लवकर वापस ऊनी. ती तर सांगे, भाऊनी काडी उचलू दिधी नही. दुपारभर पंखाखाल निजाडं."

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, तर तिने माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी निमूट तिच्या हातातला तांब्या घेतला. खरं बोलून मी मोकळा झालो असतो. सासरी मान खाली गेली असती ती तिची.

"तुम्हनासारखा भाऊ बठ्ठ्या बहिनीसले भेटो," सासूबाई म्हणाल्या.

मी हात जोडले.